मागून येणारी सायकल

मुंबईत थंडी पडते असं म्हटलं की बाहेरगावची माणसं हसतात. हसोत बापडी. त्यांनी डिसेंबरातल्या पहाटे मुलुंडहून ठाण्याकडे सायकल हाणलेली नसते. आग्रा रोडला लागलं की डाव्या हाताला डोंगर असतो. रात्रभर त्याच्या झाडीत साठलेला गारठा पहाटे खाली उतरतो आणि सायकलवाल्याच्या बरगड्यांत शिरतो. पायी चालणाऱ्याला जी नुसती झुळूक वाटते, तीच सायकलवर बसलं की कापत जाते. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि बोटं अशी बधिर की ब्रेक दाबला की नाही तेच कळत नाही.

म्हणून वनमाला आपल्या नवऱ्याला, काशीराम घाडीला, रोज पहाटे बांधायची. कपडे घालणं वेगळं आणि हे बांधणं वेगळं. आधी छातीला कापूर घातलेलं खोबरेल चोळायचं. त्यावर बनियन. बनियनवर शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या जुन्या वर्तमानपत्राची जाड घडी, पोटापासून गळ्यापर्यंत. वाऱ्याला कागदासारखा इलाज नाही, हे तिला दूधवाल्या भैयाने सांगितलं होतं. मग फ्लॅनेलचा सदरा, त्यावर तिनेच जुने दोन स्वेटर उसवून विणलेला एक स्वेटर, त्यावर खाकी जाकीट. हातांत मोजे, पायांतले मोजे हो, हातमोजे कोणाच्या बापाने पाहिले होते! शेवटी नाकातोंडावरून मफलर आणि सगळ्यावर माकडटोपी. डोळे तेवढे उघडे राहायचे.

"दिसतंय का काय?" काशीराम विचारायचा.

"तुम्हाला दिसतंय की नाही ते तुम्ही सांगा."

"माझं नाय गं. मी ओळखू येतो काय, ते सांग."

वनमाला दोन पावलं मागे सरून त्याला नीट न्याहाळायची. मग म्हणायची, "माझ्या सासूबाई स्वर्गातून आल्या तरी ओळखायच्या नाहीत."

एवढं ऐकल्यावरच तो बाहेर पडायचा. थंडी खरीच होती, पण हे सगळे थर थंडीसाठी होते असं म्हणणं म्हणजे अर्धं खरं. उरलेलं अर्धं भीतीसाठी होतं.

ते साल होतं गिरण्यांच्या संपाचं. जानेवारीत सुरू झालेला संप डिसेंबर उजाडला तरी मिटायचं नाव घेत नव्हता. काशीराम परळच्या एका गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. गावाहून मिसरूड फुटायच्या वयात आला, तो भावकीतल्या दत्ताराम घाडीचं बोट धरून. दत्तारामनेच त्याला बदली कामगार म्हणून चिकटवलं, दत्तारामनेच साचा शिकवला, तुटका धागा चालत्या साच्यावर जोडायची गाठ शिकवली. दत्तारामचं डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर कधीकाळी यंत्रात गेलं होतं, त्यामुळे तो ती गाठ सगळ्या जगाच्या उलट बाजूने मारायचा. काशीराम त्याच्याकडे बघून शिकला, त्यामुळे सगळी बोटं शाबूत असूनही त्याचीही गाठ उलटी. खात्यातली माणसं चिडवायची, "गुरूचं बोट गेलं आणि चेल्याची अक्कल." दोघे राहायलाही मुलुंडलाच, डोंगराच्या पायथ्याशी, दोन चाळी सोडून.

संप लागला तेव्हा गावच्या मंडळाची बैठक भरली होती. मुलुंड-भांडुपकडे राहणारे सगळे गाववाले एका खोलीत दाटीवाटीने उभे. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान गावात घाड्यांचा, आणि इथल्या घाड्यांत वडीलधारा दत्ताराम. त्याने नारळ दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा, ही तुझी लेकरां आज तुझ्या पुढ्यात उभी असत. ह्यांच्यातलो जो कोण संप मोडून मालकाच्या मालाक हात लावीत, तेचो न्याय तूच कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली ओरडली. काशीरामही ओरडला. त्याच्या अंगावर काटा आला होता. त्या वेळी तो अभिमानाचा होता.

पण काटा किती महिने टिकणार? पावसाळा गेला, गणपती झाले, दिवाळी नावाला झाली. एकदा रात्री जेवताना त्याने पाहिलं, वनमालाने त्याला आणि लहानग्या लेकीला, शकुला, भात वाढला आणि स्वतः भांडं विसळलेलं पाणी मीठ घालून प्यायली. "माझं मघाशीच झालं" म्हणाली. काशीरामने हातातला घास परत ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो ठाण्यापलीकडे खाडीच्या अंगाला एका पत्र्याच्या शेडमध्ये गेला. तिथे आठदहा माग होते, मालक कोण ते कोणी विचारत नव्हतं आणि कामगार कोण हेही कोणी विचारत नव्हतं. त्याने मनाची समजूत घातली, ही काय आपली गिरणी नव्हे. आपल्या मालकाचा माल नव्हे. देवाला एवढं कळत असेलच.

चाळीत सांगितलं, ठाण्याला एका शेठच्या गोदामावर पहाऱ्याचं काम लागलं. गाडीने जायची सोय नव्हती. मुलुंड स्टेशनवर सकाळी निम्मे गाववाले नुसते सवयीने येऊन उभे राहायचे. कामधंदा नसला तरी गाड्या बघायला जायचे बिचारे. म्हणून सायकल. आणि सायकलवर तोंड झाकायला थंडीसारखं दुसरं कारण नाही.

भीती उगाच नव्हती. भांडुपकडे एक संपफोड्या सापडला होता. त्याचं तोंड काळं केलं, गळ्यात चपलांची माळ घातली, त्याला त्याच्याच चाळीसमोरून फिरवला, आणि त्याची बायको दाराआडून बघत राहिली. ही हकिकत मंडळाच्या खोलीत खुद्द दत्तारामने सांगितली. सांगताना मांडीवर थाप मारली.

"आपल्यातलो कोण सापडलो, तर तेच्यापेक्षा वायट करूया," तो म्हणाला. "शिमग्याक पालखीखाली तेचो खांदो लागूक देवचो नाय. तेच्या घरात मर्तिक झाला तरी कोण जाऊचो नाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. काशीरामनेही हलवली. घरी येऊन त्याने वनमालाला एवढंच सांगितलं, "मफलर अजून वर घेत जा."

काही दिवसांनी शेडमध्ये एक टेम्पो आला. विणलेल्या कापडाचे तागे मोजून एका कोपऱ्यात ठेवलेले होते. एक माणूस ठसा घेऊन बसला आणि प्रत्येक ताग्याच्या टोकाला छाप मारू लागला. काशीराम पाणी प्यायला म्हणून उठला आणि सहज वाकून पाहिलं. छाप त्याच्याच गिरणीची होती. गेली सोळा-सतरा वर्षं त्याने जी छाप रोज पाहिली होती, तीच. बंद पडलेल्या गिरणीचा माल इथे, या पत्र्याखाली, त्याच्याच हाताने तयार होत होता.

देवासमोर जी पळवाट त्याने काढली होती ती बुजली. आता तो सरळसरळ फुटीर होता. त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता उठावं आणि निघून जावं. पण उठून जायचं कुठे, भांडं विसळलेल्या पाण्याकडे? तो साच्यावर परत गेला. त्या दिवशी त्याच्या हातून इतके धागे तुटले की मुकादम दोनदा येऊन बघून गेला.

त्यानंतर काशीरामच्या मनात भीती भाड्याने राहायला आली आणि हळूहळू घरमालकीण झाली. नळावर कोणी नुसतं "काय काशीराम, बरा मा?" म्हटलं तरी तो बादली अर्धीच भरून घरात शिरायचा. रात्री कुत्रं भुंकलं तर तो उठून कडी बघून यायचा. शकुला जरा कणकण आली, तर हा देवाने सुरू केलेला न्याय असं त्याला वाटलं, आणि ताप उतरेपर्यंत तो भिंतीला टेकून बसून राहिला.

संक्रांत आली. चाळीत सगळ्यांना बरं वाटू लागलं, की चला, थंडी सरली. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात. त्या सबंध मुलुंडात एकट्या काशीरामला त्या तिळाची भीती वाटत होती. एकेक तीळ उजेड वाढला की तो ठाण्याच्या वेशीवरच्या चेकनाक्यापर्यंत पोचतापोचताच फटफटणार. आणि थंडी सरली की माकडटोपी कशाच्या नावाने घालायची? तो पहाटे दार उघडून आधी हात बाहेर काढून बघायचा. गार लागलं की जिवात जीव यायचा. "देवा, अजून थोडे दिवस राहू दे रे थंडी," असं तो पुटपुटायचा आणि मग त्यालाच आठवायचं की आपण कोणत्या तोंडाने कोणत्या देवाला मागतोय.

याच सुमारास मागून सायकल येऊ लागली.

पहिल्या दिवशी त्याने मनावर घेतलं नाही. आग्रा रोडवर पहाटे दूधवाले असतात, पाववाले असतात. थंडीत ते मुद्दाम एकामागे एक जातात, कारण पुढच्याच्या पाठीने वारा अडतो आणि मागच्याला निम्मी थंडी लागते. पण ही सायकल एकटीच होती. तिच्या साखळीवरचा पत्रा सैल होता, त्याचा खडखडाट सारखा ऐकू यायचा. काशीरामने वळून पाहिलं तर एक माणूस, त्याच्यासारखाच नखशिखांत गुंडाळलेला, अंगात घोंगडीचा कोट, डोक्याला कानटोपी, तोंडाला फडकं.

दुसऱ्या दिवशीही तोच. काशीरामने वेग वाढवला, खडखडाट वाढला. काशीरामने हळू केली, खडखडाटही हळू झाला. चेकनाक्याच्या अलीकडे तो मुद्दाम चहाच्या टपरीपाशी उतरला, तर मागचा लांब उतरून चाकातली हवा बघत बसला. ज्याच्या चाकात हवा नसते तो हवा भरतो, दाबून दाबून बघत बसत नाही. काशीरामला चहाचा घोट गरम लागला नाही.

"वाट लागली," तो घरी येऊन वनमालाला म्हणाला. "मंडळाने माझ्यामागे माणूस घातलाय."

"कशावरून?"

"अगं रोज मागे असतो. ओव्हरटेक करत नाय, वळत नाय. मी कुठे जातो ते बघतोय. शेड कळली की झालं."

वनमाला घाबरली, पण घाबरलेलं दाखवायची तिची रीत वेगळी होती. तिने मफलर धुवायला काढला. "दुसऱ्या रस्त्याने जा ना," म्हणाली.

दुसरा रस्ता नव्हता. काशीराम कधी लवकर निघाला, कधी उशिरा निघाला. लवकर निघाल्यावर पाठ मोकळी राहायची आणि त्याला वाटायचं सुटलो, तेवढ्यात चढणीवर मागून खडखड ऐकू यायची. ती ऐकली की त्याच्या पाठीवर, स्वेटराच्या आत, घाम फुटायचा. आणि तो घाम उतरणीच्या वाऱ्यात असा गार व्हायचा की अंगावर ओलं फडकं टाकल्यासारखं वाटायचं. भीतीपुढे वनमालाच्या थरांचा इलाज चालत नव्हता.

मध्ये चार दिवस उकडलं. तरी काशीराम तसाच बांधून निघाला. टपरीवाला म्हणाला, "काय काका, काश्मीरला चालला काय? वळून बघा, तुमचा भाऊ पण मागून येतोय." काशीरामने वळून पाहिलं नाही. मागचाही तसाच गुंडाळलेला होता म्हणजे. पाळत ठेवणाऱ्यालाही तोंड लपवावं लागतं, असं त्याने स्वतःला समजावलं.

मग जाता जाता थंडीने एकदा मागे वळून पाहिलं. एका रात्रीत गारठा पडला आणि पहाटे धुकं. वनमालाने त्याला वर्तमानपत्राच्या दोन घड्या घातल्या. पँट साखळीत अडकू नये म्हणून त्याने ती नेहमीसारखी सुताच्या दोऱ्याने घोट्यावर बांधली आणि निघाला. मागे खडखड होतीच.

चेकनाक्याच्या अलीकडे नाल्यावरचा छोटा पूल आहे. धुक्यात पुलाच्या कठड्यावर काहीतरी काळं दिसलं. काशीरामला आधी वाटलं पोती ठेवलीत. मग ती पोती उठली. पाचसहाजण होते.

"ए, थांब! उतर खाली!"

एकाने हँडल धरलं, एकाने कॅरिअर. काशीराम उतरला नाही, घसरला. त्याने मागे पाहिलं. आता मागचा येऊन सांगणार, हाच तो, काशीराम घाडी, साचाखातं. धुक्यात मागची सायकल थांबलेली दिसली. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग तिने गिरकी घेतली आणि मुलुंडच्या दिशेने अशी सुटली की साखळीचा पत्रा बडवल्यासारखा वाजत गेला.

काशीराम बघतच राहिला. पाळत ठेवणारा पळून का जाईल?

"कुठं चालला एवढा सजून?" समोरच्याने विचारलं. "कुठल्या गिरणीचा तू?"

"मी... पहाऱ्याला. गोदामावर."

"पहारेकरी म्हणे! काढ टोपी."

टोपी त्यांनीच ओढली. मग मफलर. काशीरामने डोळे मिटून घेतले. कोणीतरी "अरे, हा तर" म्हणेल याची वाट बघत तो उभा राहिला. कोणी काही म्हणालं नाही. त्याने डोळे उघडले. एकही चेहरा ओळखीचा नव्हता. दुसऱ्या कुठल्या गिरणीचे, दुसऱ्या कुठल्या गावचे. ज्या तोंडासाठी त्याने तीन महिने श्वास कोंडून घेतला होता, ते तोंड इथे कोणालाच माहीत नव्हतं.

"हात दाखव."

हात मात्र बोलले. बोटांच्या पेरांत सुताचा बारीक कापूस आणि वंगणाचा काळा मळ. पहारेकऱ्याच्या हाताला वंगण कुठून लागणार?

"फुटीर साला!"

त्यांनी त्याला फार मारलं नाही. एक थोबाडीत बसली, एक पाठीत. मग त्याला एकेक कपडा काढायला लावला. जाकीट निघालं, स्वेटर निघाला, सदरा निघाला. वर्तमानपत्राच्या घड्या बाहेर पडून धुक्यात उलगडल्या तेव्हा एकजण फिसकन हसला आणि मग गप्प झाला. त्याच्याही सदऱ्याखाली काहीतरी कागदासारखं वाजत होतं. काढलेले कपडे नाल्यात गेले. सायकलच्या दोन्ही टायरांवर सुरी फिरली.

"परत दिसलास तर तू जाशील नाल्यात," पहिला म्हणाला. त्याचे दात थंडीने वाजत होते.

बनियनवर, पंक्चर सायकल ढकलत, काशीराम मुलुंडला परतला. उजाडत होतं. माणसं त्याच्याकडे बघत होती आणि तोंड झाकायला त्याच्याजवळ काहीही नव्हतं.

वनमालाने त्याला वाकळीत गुंडाळलं, स्टोव्ह पेटवला, पाणी ठेवलं. शकुला शेजारी धाडून दिलं. तो हुडहुडत पडून राहिला. आता बातमी पसरणार. शिमग्याला पालखी खांद्यावरून पुढे जाणार आणि त्याचा खांदा मोकळा राहणार. आणि देव अजून काय काय बघणार आहे कोण जाणे.

दार वाजलं. दत्ताराम होता.

"काय रे काशीराम, बरा नाय म्हणे तुका?"

काशीरामने वनमालाकडे पाहिलं. वनमालाने नकारार्थी मान हलवली. तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. चाळीत कोणाला कळायला अजून वेळच मिळाला नव्हता.

"कोणी सांगितलान दादा?"

"असांच... कळला," दत्ताराम म्हणाला आणि खाली चटईवर बसला. तो घामाघूम होता. घोंगडीचा कोट काढून त्याने मांडीवर घेतला. बसताना त्याचा एक पाय पुढे आला. त्या पायाच्या घोट्यावर पँट दोऱ्याने बांधलेली होती. दुसऱ्या पायाची दोरी सोडली होती, ही गडबडीत राहून गेली होती. काशीरामने दोऱ्याची गाठ पाहिली. उलटी होती.

वनमालाने स्टोव्हवर चहाचं भांडं चढवलं.

"दादा," काशीराम म्हणाला, "तो तू होतंस."

दत्तारामने पाय आत घेतला. मग त्यालाच कळलं की आता पाय लपवून उपयोग नाही.

"तुझ्या शेडीच्या मागच्या बाजूक दुसरी शेड हा," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "थंय जातंय मी. पोरीचा लगीन मोडता मोडता रवला रे. काय करतलंय?"

"माका वळाखलं होतंस?"

"पयल्याच दिवसाक. तुझ्या पायाक ती गाठ. माझीच गाठ ती, माका वळखाक येवची नाय?"

"मग हाक कित्याक मारूक नाय? इतके दिवस माझो जीव गेलो! मी समजत होतंय मंडळान माणूस लावल्यान!"

वनमाला चहाचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली होती.

"तू पुढे होतंस म्हणान," दत्ताराम म्हणाला. आवाज इतका बारीक, की काशीरामला वाकून ऐकावं लागलं. "रस्त्यार कोण धरूक उभे रवले, तर पुढच्याक धरतले. मागच्याक पळाक येळ गावता. हाक मारलंय असतंय तर बरोबर चलूक लागला असता. म्हणान नाय मारलंय."

काशीराम उठून बसला. त्याला वाटलं ओरडावं. मांडीवर थाप मारून सांगितलेली ती हकिकत, तो चपलांचा हार, तो नारळ, सगळं त्याच्या तोंडावर फेकावं. पण भिंत पत्र्याची होती आणि पलीकडे शेजारी सकाळच्या चहाला बसले होते. ओरडणं ही चैन होती.

"गाऱ्हाणा तूच घातलंस, दादा," तो एवढंच म्हणाला.

"रोज पाटे आठावता माका ता," दत्ताराम म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. काशीरामने त्याला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. बोट गेलं तेव्हाही तो रडला नव्हता म्हणे. "देवाक सांगतंय, पोरांका हात लाव नको, माका काय करूचा ता कर. आणि मगे सायकल काढतंय आणि तुझ्या मागे लपतंय. असो मी मर्द!"

वनमालाने चहा पुढे ठेवला. दत्तारामने तो प्याला नाही. उठताना त्याने घोंगडीचा कोट आणि कानटोपी काशीरामच्या पायाशी ठेवली.

"तुझे कपडे गेले मा सगळे? थंडी हा अजून. टायर मी आणून देतंय." दारात जाऊन तो थांबला. "उद्या येतलंस तर मी पुढे."

तो गेल्यावर वनमाला म्हणाली, "अजिबात जायचं नाही. त्या नाल्यात मेलात म्हणजे मी काय करू?" मग तिने तांदळाचा डबा उघडला, आत पाहिलं, आणि झाकण लावताना तो जरा जास्तच आपटला.

संध्याकाळी दत्तारामने टायर आणून बसवून दिले. पहाटे वनमालाने काशीरामला बांधलं. कापराचं तेल, कागदाची घडी, दत्तारामचा कोट, दत्तारामची कानटोपी. या वेळी त्याने विचारलं नाही की मी ओळखू येतो काय.

कोपऱ्यावर दत्ताराम उभा होता. कोट दिल्यामुळे त्याच्या अंगात नुसता सदरा होता, डोक्याला पंचा गुंडाळलेला. तोंड उघडं. तो पुढे निघाला आणि काशीराम त्याच्यामागे. खडखड आता समोरून ऐकू येत होती.

आणि काशीरामला एक गोष्ट जाणवली, जी त्याने पुढे कधी वनमालालाही सांगितली नाही. त्याला बरं वाटत होतं. वारा दत्तारामच्या पाठीवर अडत होता. बोटं गरम होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याची मान मोकळी झाली होती. भीती होती, पण ती पुढच्या माणसाकडे होती, त्याच्याकडे तिची नुसती सावली येत होती. मागे असणं इतकं उबदार असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

पूल आला. धुक्यात कठड्यापाशी काहीतरी काळं हललं.

दत्तारामने ब्रेक दाबला नाही. मान खाली घालून तो तसाच पुढे गेला. ते काळं म्हणजे एक म्हातारा होता, हातात टमरेल घेऊन नाल्याकडून वर येत होता. त्याने दोघांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

काशीरामचा श्वास सुटला. मग त्याची नजर स्वतःच्या हातांकडे गेली. सायकल रस्त्यात आडवी उभी राहिली होती. हँडल पार वळलेलं होतं, मुलुंडच्या दिशेने. ते कधी वळवलं, हे त्याचं त्याला कळलं नव्हतं.

पुढे दत्ताराम चालला होता. तो मागे वळून बघत नव्हता. वाऱ्याने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि घोट्यावरची गाठ पायडलबरोबर वर खाली होत होती.

काशीरामने हँडल सरळ केलं. उभं राहून जोरात पायडल मारली आणि दत्तारामच्या उजव्या हाताला, अगदी शेजारी, सायकल घातली. वारा लगेच तोंडावर बसला.

"काय रे?" दत्ताराम दचकून म्हणाला. "पुढे कित्याक इलंस? मागे रव."

"मागे वारो खूप लागता," काशीराम म्हणाला.

इतकी वर्षं सायकल चालवलेल्या दत्तारामला मागे वारा किती लागतो हे चांगलं माहीत होतं. त्याने सायकल जराशी डावीकडे घेऊन जागा करून दिली. समोर चेकनाक्याचे दिवे धुक्यात दिसू लागले होते, आणि त्यांच्याखाली माणसं उभी होती. कोण होती ते इथून कळत नव्हतं.